दोन एकरांवर हवामान बदल: अल्पभूधारक शेतकऱ्याने जुळवून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे?

जूनच्या मध्यावर चांगला पाऊस होतो, पेरणी उरकते, रोप वर येते आणि मग पाऊस गायब होतो. पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहते. रोप माना टाकते आणि शेतकऱ्यापुढे दुबार पेरणीचा प्रश्न उभा राहतो. बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च एकदा झालेला असतो, तो पुन्हा करायचा असतो. त्यातूनही पीक वाचले तर काढणीच्या तोंडावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, अतिवृष्टी होते आणि शेंगा झाडावरच कोंब धरतात.

मराठवाडा आणि विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हवामान बदलाचा अर्थ हा असा आहे. वर्षभराच्या पावसाची बेरीज कागदावर सरासरीइतकी दिसते, पण तो पिकाला हवा तेव्हा पडत नाही आणि नको तेव्हा एकदम कोसळतो.

अशा परिस्थितीत ‘शेतकऱ्यांनी हवामान बदलाशी जुळवून घ्यावे’ असे म्हटले जाते. पण दोन एकर जमीन, हातात मोजकी रोकड आणि डोक्यावर पीककर्ज असणाऱ्याने नेमके करायचे काय? त्यातले त्याला एकट्याला किती जमेल, गावाने मिळून काय करावे लागेल आणि सरकारची जबाबदारी कुठे सुरू होते?

अल्पभूधारक कोणाला म्हणतात?

सरकारी व्याख्येनुसार एक हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच एकरांपर्यंत जमीन असलेला शेतकरी ‘अत्यल्पभूधारक’ आणि एक ते दोन हेक्टर जमीन असलेला ‘अल्पभूधारक’. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील ८६ टक्के शेतजमीनधारक या दोन गटांत मोडतात. देशातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर, तर महाराष्ट्रातील १.३४ हेक्टर आहे.

महाराष्ट्राची सरासरी थोडी मोठी दिसत असली तरी इथली बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे कालव्याच्या पाण्यावरचे दोन एकर आणि मराठवाड्यातले कोरडवाहू दोन एकर यांची तुलना होऊ शकत नाही.

पाऊस खरोखर बदलला आहे का?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यात आढळले. एकूण मोसमी पाऊस मात्र या काळात वाढलेला नव्हता.

अलीकडची दोन वर्षे या चित्राची दोन टोके दाखवतात. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी पाऊस झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात उलट घडले. अतिवृष्टी आणि पुराने उभी पिके गेली आणि नदीकाठच्या अनेक शेतांतली मातीही खरवडून गेली. कोणत्याही एका वर्षाचे खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही. २०२३ मध्ये ‘एल निनो’ही सक्रिय होता. पण पावसाचे मोठे खंड आणि मोठ्या सरी या दोन्हींची तयारी एकाच हंगामात ठेवावी लागते, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

‘जुळवून घेणे’ म्हणजे काय?

हवामान बदलाबाबत दोन प्रकारची कामे असतात. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे हे एक. जो बदल होतोच आहे, त्यात नुकसान कमी व्हावे अशी व्यवस्था करणे हे दुसरे. या दुसऱ्या कामाला ‘अनुकूलन’ म्हणतात. दोन एकरांच्या शेतकऱ्याचा उत्सर्जनातला वाटा नगण्य असतो, पण अनुकूलनाचा भार मात्र त्याच्यावर सर्वाधिक पडतो.

हे काम तीन पातळ्यांवर चालते: शेत, गाव आणि सरकार. तिन्हींची गल्लत केली की योजना फसतात.

पहिली पातळी: शेतात काय करता येते?

इथले बरेचसे उपाय कमी खर्चाचे आणि अनेक वर्षे तपासलेले आहेत.

*पेरणीची घाई टाळणे.* जमिनीत पुरेशी ओल जाण्यासाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच खरिपाची पेरणी करावी, अशी कृषी विद्यापीठांची शिफारस आहे. पहिल्या सरीवर केलेली पेरणी दुबार पेरणीचे एक मोठे कारण ठरते. मात्र ही घाई निव्वळ अडाणीपणातून होत नाही. ट्रॅक्टर भाड्याचा असतो, मजूर मिळेल तेव्हाच मिळतो आणि उशिरा पेरले तर रब्बीचे गणित बिघडते. स्वतःचे अवजार नसलेल्याला थांबणे परवडत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

*रुंद वरंबा सरी.* हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी ही पद्धत विकसित केली. रुंद वरंब्यावर पिकाच्या काही ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी अशी तिची रचना असते. जास्त पाऊस झाला तर सरीतून पाणी निघून जाते, मुळे कुजत नाहीत. खंड पडला तर सरीत मुरलेली ओल पिकाला काही दिवस तगवते. एकाच रचनेत दोन्ही संकटांवर उपाय असल्याने सोयाबीनसाठी ती महाराष्ट्रात ‘बीबीएफ’ या नावाने रुजली. बीबीएफ यंत्र नसेल तर पट्टापेर हा पर्याय आहे. त्यात ठरावीक ओळींनंतर एक ओळ रिकामी सोडतात आणि पीक वाढल्यावर डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून तिथे सरी पाडतात.

*एकाच पिकावर भार न टाकणे.* सोयाबीनचे पीक साधारण तीन-साडेतीन महिन्यांत हाती येते, तुरीला पाच-सहा महिने लागतात. तुरीची मुळेही खोल जातात. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेतल्या तर ऑगस्टच्या खंडाने सोयाबीन गेले तरी सप्टेंबरच्या पावसावर तूर उभी राहू शकते. दोन्ही पिके एकदम जाण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.

*घरचे बियाणे.* सोयाबीनचे वाण सरळ असतात. त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणे घेतले की त्यातून आलेले बियाणे पुढची दोन-तीन वर्षे वापरता येते. त्यासाठी उगवण तपासावी लागते. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवायचे आणि सुमारे आठवडाभराने मोजायचे. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे योग्य, कमी उगवले तर एकरी प्रमाण वाढवायचे. दुबार पेरणीची वेळ आलीच तर घरात बियाणे असणे ही मोठी सोय ठरते.

*कोळपणी.* ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जुने शेतकरी सांगतात. वरची माती भुसभुशीत झाली की जमिनीच्या भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जाण्याचा वेग कमी होतो. तणही निघते.

या उपायांनाही मर्यादा आहेत. सरी आणि कोळपणी पिकाला काही दिवस तगवू शकतात, महिनाभराच्या खंडात मात्र पाणीच लागते.

शेततळे: उपाय की नवी अडचण?

पावसाच्या खंडात पिकाला एक-दोनदा दिलेल्या पाण्याला ‘संरक्षित सिंचन’ म्हणतात. शेततळ्यांमागची मूळ कल्पना हीच आहे: पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी साठवायचे आणि खंडात वापरायचे. राज्यात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली आणि शेततळ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

इथे साधा हिशेब उपयोगी पडतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ५० मिलिमीटरची एक पाळी द्यायची तर एकरी सुमारे २ लाख लिटर लागतात. दोन एकरांना दोन पाळ्या म्हणजे ८ लाख लिटर.

आता शेततळे पाहू. २० मीटर लांब, २० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि उताराच्या बाजूंचे तळे असेल तर त्यात साडेआठ-पावणेनऊ लाख लिटर पाणी मावते. ते सुमारे ४ गुंठे जागा घेते. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात तेवढ्याच खोलीला सुमारे २२ लाख लिटर मावतात, पण त्यासाठी ९ गुंठे जातात. भोवतालच्या बांधाची जागा वेगळीच. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. त्यातले ९ गुंठे कायमचे देणे म्हणजे एक दशांशाहून अधिक जमीन गमावणे. झिरपणे आणि बाष्पीभवन धरूनही, दोन एकर सोयाबीन-तुरीला खंडात तारण्यासाठी एवढे मोठे तळे सहसा लागत नाही. ते लागते ते उन्हाळ्यात फळबाग जगवण्यासाठी.

खरी अडचण पुढे आहे. अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याने भरले जाते. जमिनीखालचे पाणी उपसायचे, उघड्यावर साठवायचे आणि त्यातले काही उन्हाने उडू द्यायचे, असा हा उलटा प्रवास होतो. अस्तरामुळे त्या पाण्याचा थेंबही परत मुरत नाही. ज्याचा पंप मोठा आणि बोअर खोल, त्याचे तळे भरते. शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर मात्र पौषातच तळ गाठते.

म्हणजे एकाचे अनुकूलन दुसऱ्याची जोखीम वाढवते.

दुसरी पातळी: पाणी एकट्याचे का नसते?

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्टच्या कातळावर आहे. वाळू-गाळाच्या मैदानी प्रदेशात पाणी खोलवर मोठ्या प्रमाणात साठते, तशी सोय कातळात नसते. इथे पाणी वरच्या मुरमाच्या थरात आणि कातळाच्या फटींत साठते. तेही मर्यादित, आणि ते दरवर्षी पावसाने भरावे लागते. ते बांध ओळखत नाही. एकाच्या शेतात उपसा वाढला की दुसऱ्याच्या विहिरीची पातळी उतरते.

म्हणून पाण्याचे अनुकूलन दोन एकरांच्या बांधाच्या आत पूर्ण होऊच शकत नाही. ते गावाच्या किंवा पाणलोटाच्या पातळीवर करावे लागते. महाराष्ट्रात याची जुनी उदाहरणे आहेत.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव परिसरात ‘पाणी पंचायत’ सुरू केली. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिला गेला: प्रत्येकी अर्ध्या एकरापुरते पाणी आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनांनाही हक्क होता. उसाला मनाई होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली डोंगरउतारावर चर, बांधबंदिस्ती आणि वृक्षलागवड केली. अशी कामे इतरही गावांत झाली. हिवरे बाजारचे वेगळेपण त्याच्या नियमांत आहे. शेतीसाठी बोअरवेलला बंदी, ऊस-केळीसारख्या जास्त पाण्याच्या पिकांवर निर्बंध आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. किती पाऊस झाला, किती पाणी मुरले, पिण्याला किती लागेल आणि उरलेल्यात कोणती पिके बसतील, हे एकत्र ठरते. पाऊस कमी झाला तर पिकेही बदलतात.

दोन्ही उदाहरणांत पाणी अडवण्याबरोबर ते वाटण्याचा नियमही आहे. अनेक गावांत पाणी अडवले गेले, पण नियम झाला नाही. मग वाढलेले पाणी काही वर्षांतच नव्या बोअरवेलमधून आणि नव्या बागांमधून संपले. ठिबकचेही तसेच होते. त्याने एकरी पाणी वाचते, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर भिजवले तर गावाचे पाणी वाचत नाही.

सरकारी प्रकल्प काय करत आहेत?

केंद्रीय पातळीवर भारतीय कृषी संशोधन परिषदेचा ‘निक्रा’ हा प्रकल्प २०११ पासून सुरू आहे. त्यात कृषी विज्ञान केंद्रांमार्फत निवडक गावांत हवामानाला अनुरूप वाण आणि पद्धतींची प्रात्यक्षिके घेतली जातात.

राज्यातील सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेला ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’, म्हणजेच ‘पोकरा’. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ४ हजार कोटी रुपये होता. मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातील पाच हजारांहून अधिक गावे त्यात होती. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील गावांचाही त्यात समावेश होता. गावपातळीवर समिती, शेतीशाळा, आयआयटी मुंबईच्या मदतीने तयार केलेला पाण्याच्या ताळेबंदाचा आराखडा आणि थेट बँक खात्यात अनुदान ही त्याची वैशिष्ट्ये.

अशा योजनांत दोन अडथळे वारंवार दिसतात. पहिला, अनुदान सहसा खर्च झाल्यावर मिळते. आधी स्वतःचे पैसे घालायचे, बिल जोडायचे, मग रक्कम येते. ज्याच्याकडे आधी घालायला पैसेच नाहीत, तो अर्जापर्यंत पोहोचत नाही किंवा सावकाराकडे जातो. दुसरा, सातबारा. जो वाट्याने किंवा ठोक्याने जमीन कसतो, त्याच्या नावावर उतारा नसतो. शेतात सर्वाधिक राबणाऱ्या बाईच्या नावावरही तो बहुधा नसतो.

बायकांच्या बाबतीत मराठवाड्यातला एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने ‘एक एकर शेती’ची पद्धत रुजवली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईच्या निर्णयाखाली घ्यायचा आणि त्यात नगदी पिकाऐवजी भाजीपाला, कडधान्ये, ज्वारी अशी मिश्र पिके घ्यायची. बाजार पडला किंवा पाऊस चुकला तरी घरात खायला काहीतरी राहते आणि निविष्ठांचा खर्च कमी होतो. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला.

तिसरी पातळी: जे शेतकऱ्याच्या हातातच नाही

काही जोखीम अशी असते की ती शेतातही कमी होत नाही आणि गावातही नाही. सप्टेंबर २०२५ सारख्या पुरात माती वाहून गेली तर सरी आणि आंतरपीक काय करणार? तिथे विमा, मदत आणि आगाऊ सूचना हाच आधार असतो.

*हवामान सल्ला.* ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. हवामान विभागाचा अंदाज आणि ‘मेघदूत’ ॲपवरचा पीक सल्लाही उपलब्ध आहे. पण मंडळात अनेक गावे असतात आणि पाऊस अनेकदा एका शिवारात पडून दुसरे कोरडे सोडतो. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ या अंदाजावर पेरणीचा निर्णय घेता येत नाही. पुढच्या आठ दिवसांत आपल्या शिवारात खंड आहे की नाही, हे शेतकऱ्याला कळायला हवे असते.

*पीक विमा.* प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू आहे. शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या खरिपात जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी व फळपिकांसाठी ५ टक्के असतो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये एक रुपयात विमा देण्यात आला. ती सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली आणि भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवर आधारित झाली. या प्रयोगांत मंडळातील निवडक शेतांचे उत्पादन मोजतात आणि ते ठरलेल्या उंबरठा उत्पादनापेक्षा कमी भरले तर भरपाई देय होते. हा उंबरठा मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात. मंडळाची सरासरी बरी आली तर एकट्याचे शेत बुडूनही भरपाई मिळत नाही. शिवाय ज्या भागात पीक वारंवार बुडते, तिथे ही सरासरीच खाली येते आणि संरक्षण कमी होते. हवामान जितके बिघडेल, तितका हा दोष वाढतो.

योजना चांगली की वाईट, हे कसे ओळखावे?

गावात ‘हवामान अनुकूल’ नावाची नवी योजना आली की पुढचे प्रश्न विचारता येतात:

- यातून पावसाचे पाणी मुरणार आहे की जमिनीतले पाणी उपसले जाणार आहे?
- ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे नाहीत, त्याला याचा लाभ घेता येईल का?
- सातबारा नावावर नसलेल्या बाईला आणि ठोक्याने कसणाऱ्याला यात जागा आहे का?
- वाढलेले पाणी कोण, किती आणि कोणत्या पिकाला वापरणार, हे ग्रामसभेत ठरले आहे का?
- खंड आणि अतिवृष्टी, दोन्ही वर्षांत हा उपाय टिकेल का?
- सगळे करूनही पीक गेले तर नुकसान कोण सोसणार?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज बहुतेक वेळा ‘शेतकरीच’ असे येते. वाण, सरी, आंतरपीक हे दोन एकरवाला करतोच आहे आणि अजूनही करेल. पण शेजाऱ्याचा पंप त्याच्या हातात नाही आणि विम्याचा उंबरठाही नाही. ते अनुक्रमे ग्रामसभेला आणि सरकारलाच ठरवावे लागेल.